आधी गाडीची वेळ, मग घर

"बनी तो बनी, नहीं तो परभणी."

१९८६ च्या दिवाळीत आम्ही परभणीत घर करायचं ठरवलं तेव्हा माझे वडील एवढंच बोलले आणि पुन्हा पानाला चुना लावायला लागले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा पूर्णेच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. परभणी त्यांच्या लेखी पाणी आणि कोळशापुरतं थांबायचं स्टेशन. तिथं पोरीनं घर बांधावं हे काही त्यांना पटेना.

परभणीवर दुसरीही एक म्हण आहे, "जगात जर्मनी, भारतात परभणी". ती आम्ही परगावी गेलो की अभिमानानं फेकतो. पण घरात बसून बोलायची म्हण पहिलीच. भाषेवरून ती निजामाच्या, हैदराबादी काळातली वाटते. दुसरीकडं जमलं तर ठीक, नाहीच जमलं तर परभणी आहेच. कुणाला त्यात हिणवणं ऐकू येतं, कुणाला भरवसा. मला वजाबाकी ऐकू येते. गाव आवडलं म्हणून परभणीत राहायला आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. नवऱ्याची नोकरी एका टोकाला, बायकोची दुसऱ्या, पोरांची शाळा तिसरीकडं, अशी एकेक गावं वजा करत गेलं की शेवटी परभणी उरते.

आमची वजाबाकी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा मानवत रोड स्टेशनवरून आत, कोसभर चालत. हे बँकेत, शाखा गंगाखेडची. थोरली मुलगी पहिलीत जायची होती. माझं माहेर पूर्णा, सासर सेलूकडचं. यांनी मधोमध एक गोल काढला, त्यातून तीन रेघा ओढल्या. वर सेलूकडं, उजवीकडं पूर्णेकडं, खाली गंगाखेडकडं. मग प्रत्येक रेघेवर सकाळी कोणती पॅसेंजर कधी जाते आणि संध्याकाळी कधी परतते ते लिहिलं. सेलूत राहिलं तर यांना परभणीत गाडी बदलावी लागणार आणि बँक उघडल्यावर पोहोचणार. गंगाखेडला राहिलं तर माझी तीच गत. पूर्णेला राहिलं तर यांची तीच गत, आणि मला लांब पडणार. गोलात राहिलं तर दोघं एकाच फलाटावरून, एकाच वेळी, उलट्या दिशांना निघणार. घर कसं, पाणी कसं, शेजार कसा, यातलं काही त्या कागदावर नव्हतं. ते नंतर कळायचं होतं.

त्या तीन रेघा मात्र आम्ही ओढलेल्या नव्हत्या.

मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाणारी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. रूळ पडत होते तेव्हाच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडलेला. गाडी होती मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. मुंबईकडची मोठी लाइन मनमाडला भेटायची, आणि तिथं कापसाची प्रत्येक गाठ एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागायची. माणसांचंही तेच. मुंबईला जायचं तर मनमाडला सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलायची, हे आमच्या पिढीपर्यंत चाललं. पुढं पूर्णेहून हिंगोलीकडं फाटा निघाला, परभणीहून गंगाखेड-परळीकडं. परभणीला तीन दिशा मिळाल्या त्या अशा.

गंमत अशी की रेल्वेनं जुनी मोठी गावं धरली नाहीत. पाथरी बघा. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांपैकी, आणि हे वडिलोपार्जित गाव आपल्याकडं हवं म्हणून बुऱ्हाण निजामशहानं १५१८ साली वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाई करून ते घेतलं. दोन सुलतान ज्या गावासाठी भांडले, ते गाव रेल्वेनं बाजूला टाकलं. जिंतूरलाही आजपर्यंत रूळ नाही. मानवतची तऱ्हा मधली. कापसाची मोठी बाजारपेठ, पण स्टेशन गावापासून लांब, म्हणून त्याचं नाव मानवत रोड. स्टेशनच्या नावात 'रोड' दिसलं की समजावं, उतरल्यावर अजून चालायचं आहे. आणि सेलू, पूर्णा या गावांच्या दारातून गाडी गेली. पुढच्या शंभर वर्षांत कुणाची पोरं कुठं शिकणार, कुठली जमीन प्लॉट म्हणून विकली जाणार, हे बरंचसं तेव्हाच ठरलं.

मी जन्मले ते पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. राहायचं कुठं हा प्रश्न तिथं कुणाला पडतच नसे. नोकरीबरोबर घर मिळायचं आणि घराचा आकार हुद्द्यावर ठरायचा. क्लीनरला एक खोली नि पडवी, ड्रायव्हरला दोन खोल्या नि अंगण, साहेबाला झाडांतला बंगला. दादा फायरमन झाले तसं आम्ही एक रांग ओलांडून पुढं गेलो, तेवढ्या दीडशे पावलांच्या स्थलांतराला आईनं आख्ख्या रांगेत लापशी वाटली होती. पाणी रेल्वेचं, दवाखाना रेल्वेचा. शेगडीला कोळसाही अर्धाअधिक रेल्वेचाच. इंजिनातून पडलेल्या राखेत अर्धवट जळलेले खडे असत, ते बायका पाट्यांतून वेचून आणत. रात्री-अपरात्री कॉलबॉय दार वाजवायचा, हातात कंदील आणि वही. दादांनी झोपेतच सही करायची आणि आईनं भाकरी टाकायला उठायचं. नोकरीला जायचा रस्ता म्हणजे काय, तर मैदान ओलांडून शेड. भोंगा झाला की आख्खं गाव एकदम हलायचं.

त्या वस्तीत तेलुगू बोलणारे होते, हैदराबादचे मुसलमान होते, बाबासाहेबांना मानणारी कामगारांची मोठी वस्ती होती, त्यांचा विहार होता. खेड्यात ज्यांना पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते त्यांच्या घरात नळ आला तो रेल्वेच्या क्वार्टरात. पूर्णेबद्दल कुणी 'काय ते कोळशाचं गाव' म्हणालं की मला हे सांगावंसं वाटतं.

पण ते घर आपलं नव्हतं, हे १९७४ च्या मे महिन्यात कळलं. देशभर रेल्वेचा संप झाला. वीस दिवस शेड थंड. मी तेव्हा मॅट्रिकच्या निकालाची वाट बघत होते. रोज कुठून तरी बातमी यायची की अमक्या जागी संपकऱ्यांची क्वार्टरं रिकामी करून घेतली. आईनं भांडी पोत्यात भरून ठेवली होती, नुसतं पोतं उचललं की निघता यावं म्हणून. आमच्यावर वेळ आली नाही. पण ते पोतं पुढं दोन महिने कोपऱ्यात तसंच होतं आणि आम्ही त्यातूनच रोज ताटल्या काढायचो आणि परत ठेवायचो. परभणीवर नाक मुरडणारे दादाच मग मला म्हणाले होते, "कुठंही कर, पण सातबारा नाहीतर खरेदीखत, काहीतरी आपल्या नावाचं पाहिजे."

सेलूची गोष्ट वेगळी. सेलूला लोक शाळेसाठी यायचे.

निजामाच्या राज्यात शाळांची नावंच उर्दू होती. प्राथमिक ती तहतानिया, मधली वस्तानिया, हायस्कूल ते फौकानिया. खालच्या वर्गांत मराठी चालायची, वर गेलं की माध्यम उर्दू, आणि उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेही उर्दूचंच. माझे सासरे चारठाण्याकडच्या एका खेड्यातले. ते अखेरपर्यंत वजाबाकीला 'तफ्रीक' म्हणत आणि हातचा उर्दूत मोजत. मराठीतून पोरं वरपर्यंत शिकावीत म्हणून ज्या संस्था निघाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. औरंगाबादला १९१५ साली सरस्वती भुवन, हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा. या दोन्ही आमच्यापासून लांब. निजामी राजवटीतच सेलूला नूतन विद्यालय उभं राहिलं, तसं आसपासच्या खेड्यांनी सेलूकडं तोंड वळवलं. गावात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग होत्या, व्यापाऱ्यांचे वाडे होते, मुंबईला गाठी पाठवणारी माणसं होती. शाळेला देणगी द्यायला पैसा लागतो, तो सरकीतून आला म्हटलं तरी चालेल.

सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, निजामाची राजवट गेली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. शिक्षण मराठीत आलं, पण शाळा काही एकदम प्रत्येक खेड्यात आली नाही. म्हणून लोकांनी एक पद्धत काढली, तिला आमच्याकडं 'खोली करून राहणं' म्हणतात. बाप शेतावर राहायचा. आजी, विधवा आत्या, नाहीतर आईच पोरांना घेऊन सेलूत कुणाच्या तरी वाड्यात एक खोली घ्यायची. माळवदाचं छत, पावसात चार ठिकाणी भांडी मांडायची, मोरी सहा बिऱ्हाडांत एक. पंधरा दिवसांनी गावाकडून बैलगाडी यायची, तिच्यात ज्वारी, तुरीची डाळ, शेंगदाणे, गोवऱ्या. तिच्याबरोबर बाप यायचा, पोरांच्या पाठीवर हात फिरवायचा, भाकरी खायचा आणि दिवस मावळायच्या आत निघायचा.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, १९६१ साली अशा सेलूत आल्या. हे तेव्हा चौथीत. मधला दीर, मग नणंद, एकेक पोर मॅट्रिक होईपर्यंत त्या तिथंच राहिल्या. "पोरं शिकली गं," त्या म्हणायच्या, "पण मी बारा वर्षं सेलूत पाहुणी आणि गावात पाहुणी." त्यांच्या लग्नाच्या पन्नास वर्षांतली बारा अशी बैलगाडीच्या फेऱ्यांत गेली. शिक्षणप्रसाराच्या गोष्टी लिहिल्या जातात तेव्हा संस्थाचालकांचे फोटो छापतात. ते छापावेतच. पण आमच्या भागातली शाळा त्या खोल्यांतल्या बायकांनीही चालवली, चुलीपुढं बसून.

म्हणून १९८६ ला आत्याबाईंना वाटत होतं आम्ही सेलूच निवडावं. शाळा माहितीची, मास्तर माहितीचे, वाडाही माहितीचा. मी नको म्हटलं. त्यांच्या बारा वर्षांचाच मला धसका होता. यांची बँक गंगाखेडला म्हणजे हे तिकडं खोली करणार आणि मी इकडं पोरांना घेऊन. बैलगाडी जाऊन पॅसेंजर आली एवढाच फरक.

परभणी आधी साधं कचेऱ्यांचं गाव होतं. कलेक्टर, कोर्ट, खजिना आणि त्यांच्या मागं येणारे कारकून. सातोन्याचे बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकुनी करत परभणीत राहिले, इथंच कथा-कविता लिहिल्या आणि चाळिशीत, १९५३ साली, इथंच गेले. एवढा मोठा लेखकसुद्धा परभणीत राहिला तो नोकरीपायीच, हे मला उगाच दिलासा देतं.

गाव फुगलं ते शेतीच्या शिक्षणामुळं. १९५६ ला कृषी महाविद्यालय आलं, आणि मागणी, मोर्चे, आंदोलन होऊन १८ मे १९७२ ला मराठवाडा कृषी विद्यापीठ. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. २०१३ साली त्यांचंच नाव विद्यापीठाला लागलं. दुष्काळाच्या तोंडावर जन्मलेलं विद्यापीठ. पण त्याच्याबरोबर पगारदार माणसं आली, प्राध्यापक, संशोधन सहायक, लॅबवाले, टायपिस्ट. त्यांच्या बायका शिकलेल्या, त्यांना पोरांसाठी बऱ्या शाळा हव्या होत्या. नानल पेठेतलं बालविद्या मंदिर, गांधी विद्यालय, ही नावं तालुक्यांच्या गावांतही लोक घ्यायला लागले. प्राध्यापकाचं पोर ज्या वर्गात बसतं त्या वर्गात आपलंही बसावं, असा सरळ विचार. मी शिक्षिका असून मीही तोच केला.

शाळा ठरली, स्टेशन ठरलं, राहिलं घर. आधी तीन वर्षं स्टेशन रोडच्या मागं दोन खोल्या भाड्यानं, शहाबादी फरशी, वर पत्रा. मग वसमत रोडच्या बाजूला तीस बाय पन्नासचा प्लॉट. तिथं तेव्हा ज्वारी उभी होती. एजंट धुऱ्यावर उभा राहून हातानं हवेत रस्ते काढत होता, "हा तीस फुटी, हा वीस फुटी, हे बाई तुमचं घर." त्याच्या बोटाकडं बघत मी कणसांतली पाखरं मोजत होते. एन.ए., म्हणजे बिनशेती, झालेली जमीन महाग, म्हणून पुष्कळांनी गुंठ्यावर घेतली, शंभराच्या स्टॅम्पवर. अशा घरांना नियमात बसवायला पुढं २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. आमचे हे बँकेतले, कागदाच्या बाबतीत चिवट. त्यांनी एन.ए.चाच धरला आणि त्यापायी आम्ही दोन वर्षं फ्रीज घेतला नाही.

पण कागदापेक्षा माती अवघड निघाली. परभणीची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. जिथं कापूस चांगला तिथं घर वाईट, हे गवंड्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. सहा-सात फूट खणलं तरी काळीच. ती सगळी काढून फेकायची, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, आणि मग ट्रॅक्टरनं विकतचा मुरूम आणून तो खड्डा भरायचा. घराच्या निम्म्या पैशांचं घर जमिनीखाली गेलं. शेजारच्यांनी तो खर्च वाचवला. त्यांच्या भिंतीला तिसऱ्या मे महिन्यात चौकटीपासून छतापर्यंत तडा गेला आणि दर उन्हाळ्यात ते त्यात सिमेंट भरत राहिले.

आणि पाणी. प्लॉट बघताना आम्ही स्टेशन किती लांब विचारलं, शाळा किती लांब विचारलं, नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे विचारायचं राहिलं. आता परभणीत सोयरीक बघायला आलेले लोकसुद्धा तेच आधी विचारतात. बोअर घेतला, तो मचूळ लागला. डाळ शिजेना.

आता अप-डाऊनचं सांगते. हा शब्द मराठवाड्यात क्रियापद आहे. "कुठं राहता?" विचारलं की माणूस गावाचं नाव सांगत नाही, "अप-डाऊन करतो" म्हणतो. सकाळच्या पॅसेंजरच्या एका डब्यात आमचं आख्खं सरकार बसलेलं असायचं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, कंपाउंडर, बँकेचा कॅशियर, पोस्टातले. पुरुष पत्त्यांना बसायचे, मधे रुमाल ताणून. आम्ही बायका खिडकीकडच्या बाकांवर. मेथी निवडणं, स्वेटर, वह्या तपासणं. पेडगाव, देवळगाव अवचार, मग मानवत रोड. गाडी रुळाला लागली की लाल पेनाची रेघ वाकडी जायची, पोरं विचारायची, "बाई, चूक केवढी मोठी आहे?" जूनच्या पावसानंतर स्टेशनवरून गावापर्यंत चप्पल हातात घ्यायची, कारण काळ्या मातीनं चप्पल धरली की पाय निघतो, चप्पल तिथंच राहते. गावातल्या बायकांचं घड्याळ आम्हीच होतो. लांबून गाडीची शिट्टी झाली की पोरांना म्हणायच्या, "जा, बाई उतरल्या."

गाडी उशिरा आली की शाळा उशिरा भरायची. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं. नियम असा होता की कर्मचाऱ्यानं मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहिलं पाहिजे. घरभाडे भत्ता त्यासाठीच. मी गावात एका शेतकऱ्याची खोली महिना तीस रुपयांनी घेतली होती. त्यात एक बाज, एक माठ आणि दाराला कुलूप. तपासणी आली की कुलूप काढायचं, माठ भरायचा. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी त्या खोलीत रात्र काढली ती एकदा, १९८९ च्या पुरात ओढा उतरेना म्हणून. त्या रात्री मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, तुमची लेक इथं शाळेत असती तर शाळेला दारं बसली असती." रागानं नाही, भाकरी वाढता वाढता म्हणाल्या. वर्गाला तेव्हा खरंच दारं नव्हती. कुत्री आत झोपायची. मी पंचायतीला तीन अर्ज केले होते, पण अर्ज करणं वेगळं आणि आपलं पोर त्या फरशीवर बसणार असणं वेगळं.

पुढं २०१९ साली सरकारनं मुख्यालयी राहिल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला, २०२२ ला विधानसभेत आमदार प्रशांत बंब यांनी हाच विषय काढला तेव्हा शिक्षकांचे मोर्चे निघाले. मी निवृत्त होते, तरी दोन्ही बाजूंचं पटत होतं. खेड्यात राहायला नीट घर नाही, संडास नाही, पोरांना पुढची शाळा नाही, हे खरं. आणि मास्तर राहत नाहीत म्हणून यातलं काही होतही नाही, हेही खरं.

मीटर गेज मोठी करा ही मराठवाड्याची जुनी मागणी. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ती वर्षानुवर्षं लावून धरली, आणि नव्वदच्या दशकात मनमाडकडून मोठी लाइन आमच्यापर्यंत आली. पेढे वाटले. मनमाडला न उतरता मुंबई! पण गाड्या लांबच्या झाल्या. एक्स्प्रेस मानवत रोडला कशाला थांबेल? पूर्णेची वाफेची इंजिनं गेली, शेडचं काम गेलं, क्वार्टरांच्या रांगा ओस पडत गेल्या. दादांना मी शेवटचं शेडकडं नेलं तेव्हा त्यांनी आमच्या जुन्या घराच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ बघितला आणि विचारलं, "कॉल आला नाही का अजून?" त्यांना तेव्हा विसरायला व्हायचं.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ज्यांनी परभणी मध्यावर म्हणून धरली होती त्यातल्या कित्येकांचा मध्यच सरकला. त्याच सुमारास बारावीच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'चं वारं आलं. दहावीला बरे मार्क पडले की पोर लातूरला. पगारदारांच्या बायका, शिकलेल्या, माझ्यासारख्या, रजा टाकून लातूरला खोली करून राहायला लागल्या. माझी धाकटी बारावीला असताना मीही राहिले, दहा महिने. गॅसची शेगडी, कूलर, बाकी सगळं सेलूच. आत्याबाई तेव्हा होत्या. फोनवर म्हणाल्या, "झालीस का पाहुणी?"

मार्च २०२० ला गाड्या बंद झाल्या, पास बंद झाले. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरलाही एक्स्प्रेसचं तिकीट. तोवर सगळे मोटारसायकलींवर गेले होते, चौघं मिळून एक गाडी करायला शिकले होते. डबा मोडला. डब्यातले पत्तेही.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या शाळेनं झेंडावंदनाला बोलावलं. सकाळी लवकर पोहोचले म्हणून फाट्यावर चहा घेत बसले. शाळेला आता दारं आहेत, रंगही आहे, बोलक्या भिंती आहेत. पट मात्र माझ्या वेळच्या निम्म्यावरही नाही. सव्वासातला गावातून पिवळी व्हॅन आली, पोरं कोंबून, टाय लावलेली. ती सेलूच्या इंग्रजी शाळेत चालली होती, तिकडचं झेंडावंदन लवकर. चालवणारा माझाच विद्यार्थी. ब्रेक मारून खाली उतरला, पाया पडला.

"बाई, रोज दोन फेऱ्या असतात. अप-डाऊन."

व्हॅन निघाली तेवढ्यात परभणीकडून दोन मोटारसायकली आल्या, त्यावर शाळेतले सर आणि नव्या बाई. व्हॅनमधल्या पोरांनी त्यांना हात केला, त्यांनी पोरांना केला. मग बाईंनी हेल्मेट काढलं आणि मला विचारलं, "मॅडम, मी भाड्यानं घर बघतेय. मिस्टर गंगाखेडला असतात. काय करू?"

मी पर्समधून पेन काढलं आणि चहावाल्याकडं कागद मागितला.